सॉफ्टवेअर विचारते, ‘उपचारपद्धती निवडा’. क्लायंटला भेटण्याआधी काय निवडायचे?

सावली_दादर (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी दादर पश्चिमेला तासाच्या भाड्याने घेतलेल्या एका खोलीत समुपदेशन करते. गेल्या चार महिन्यांपासून सत्रांच्या नोंदींसाठी एक सॉफ्टवेअर वापरते आहे. क्लायंटची संमती असेल तर ते सत्र ऐकते, त्याचे लिखित रूप तयार करते, नोंदीचा मसुदा देते आणि पुढच्या सत्रासाठी प्रश्न व गृहपाठ सुचवते. पूर्वी नोंदी लिहिण्यात माझा रोजचा तास-दीड तास जात असे आणि शेवटच्या क्लायंटच्या नोंदी तर मी परतीच्या गाडीत उभ्या उभ्या आठवत असे. तो त्रास वाचला आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर वापरावे की वापरू नये, हा वाद मला इथे नको आहे. माझा प्रश्न त्यातल्या एकाच रकान्याचा आहे.

नवी फाइल उघडताना नाव आणि वय यांच्या पाठोपाठ ‘उपचारपद्धती’ हा रकाना येतो आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. यादीत सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी), आरईबीटी (विवेकनिष्ठ उपचारपद्धती), एसीटी (स्वीकार आणि बांधिलकी यांवर आधारलेली), डीबीटी (तीव्र भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणारी), सोल्यूशन-फोकस्ड (उपायांवर भर देणारी), मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलाविषयीची द्विधा मनःस्थिती ऐकणारी), व्यक्तिकेंद्री आणि कोचिंग या शीर्षकाखाली ग्रो अशी नावे आहेत. ज्या माणसाचा आवाजही मी अजून ऐकलेला नाही, त्याच्यासाठी मी यातले काय निवडायचे? पहिले दोन महिने मी सरसकट सीबीटी निवडत होते आणि त्याचे कारण लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते: ते नाव यादीत सर्वांत वर होते.

मग एक प्रसंग घडला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या एक बाई, बदलापूरहून फोर्टात नोकरीला येणाऱ्या, तिसऱ्या सत्रात म्हणाल्या, “मला आता सगळ्याचा कंटाळा आलाय.” आपल्यापैकी कोणीही हा शब्द ऐकला असता तर तिथेच थांबला असता, कारण मराठीत रविवारच्या रिकाम्या दुपारीही कंटाळा येतो आणि जगण्याचाही येतो. मी विचारले, “कशाचा कंटाळा?” त्या बराच वेळ पदराच्या टोकाला घड्या घालत राहिल्या आणि म्हणाल्या, “सकाळी डोळा उघडलाच नाही तर बरं होईल, असं वाटतं कधी कधी.” त्यानंतरचा सगळा वेळ मी त्यांच्या सुरक्षिततेविषयीच बोलले. विचार किती वेळा येतात, काही योजना मनात आहे का, घरी कोणाला सांगितले आहे का, हे विचारले. रात्रीअपरात्री लागला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवून दिला. आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली.

संध्याकाळी मसुदा उघडला. त्यात लिहिले होते की क्लायंटला दैनंदिन जीवनात रस वाटत नाही आणि सकाळी उठण्यास अडचण येते. गृहपाठ म्हणून आनंददायक कृतींचे साप्ताहिक वेळापत्रक सुचवले होते: फिरायला जाणे, एखादा छंद. ज्या बाई पहाटे साडेचारला उठून डबे करतात आणि रात्री साडेआठला घरी पोहोचून पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतात, त्यांना छंद! मी विचारलेले प्रश्न त्यात होते, परंतु ‘झोप व दिनचर्या’ या शीर्षकाखाली.

कुतूहल म्हणून मी त्याच सत्राची पद्धत बदलून ‘व्यक्तिकेंद्री’ केली आणि मसुदा पुन्हा मागवला. आता त्यांचे ते वाक्य जसेच्या तसे आले, पण विचारांची नोंद, पुढची पायरी, काहीच उरले नाही. तोच तास, तेच शब्द आणि कागदावर दोन वेगळ्या बाई. आतापर्यंत मी हा रकाना पाकिटावरच्या पत्त्यासारखा समजत होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरने काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे, हे तिथेच ठरत होते.

आपण सगळे हा रकाना कशाच्या आधारावर भरता? आणि मध्येच बदलता का?


ठाणे_फास्ट (शनिवार, रात्री ११.१५)

सावलीताई, वेळीच विचारलेत, हे सर्वांत महत्त्वाचे. आता रकान्याविषयी.

तो क्लायंटच्या फाइलमध्ये असला, तरी त्याचे उत्तर आधी आपल्या प्रशिक्षणात शोधावे लागते. जी पद्धत आपण देखरेखीखाली शिकलेलो नाही, ती यादीत दिसते म्हणून निवडली तर सॉफ्टवेअर तिचे प्रश्न आपल्या हातात देते, आपण ते विचारतो, आणि क्लायंटने अनपेक्षित उत्तर दिले की पुढे काय करायचे हे आपल्याला ठाऊक नसते. माझे शिक्षण आरईबीटीचे, म्हणून माझ्या यादीतली बाकीची नावे मी सेटिंगमध्ये जाऊन लपवूनच टाकली आहेत. डीबीटी दोन दिवसांच्या कार्यशाळेत ऐकलेली आहे, तेवढ्यावर ती निवडण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेली ही पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत आली आणि ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या कामातून आमच्यासारख्या अनेकांपर्यंत पोहोचली, त्यामुळे तिची परिभाषा आपल्याकडे घरातली झालेली आहे. पण सॉफ्टवेअर ती परिभाषा इंग्रजीतून परत आणते आणि तिथे एक अक्षर गळून पडते. ते अक्षर म्हणजे ‘च’. आरईबीटीत आपण शोधतो ती हट्टी मागणी, आणि मराठी माणसाची मागणी बहुधा ‘च’मध्ये लपलेली असते. “मुलाने सीए व्हायला हवं” ही इच्छा झाली. “मुलाने सीए व्हायलाच हवं” ही मागणी झाली. माझ्याकडे आलेले एक वडील दुसरे वाक्य बोलले. सॉफ्टवेअरने आतल्या आत त्याचे भाषांतर केले आणि विश्वासाच्या, म्हणजे मनातल्या ठाम समजुतीच्या, रकान्यात ‘मुलाच्या करिअरविषयी काळजी’ असे लिहिले. म्हणजे आरईबीटीच्या एबीसीतला (ए म्हणजे घटना, बी म्हणजे विश्वास, सी म्हणजे परिणाम) बी गेला आणि त्याच्या जागी सी बसला, कारण काळजी हा परिणाम आहे, विश्वास नव्हे.

पुढच्या सत्रात मी त्यांना तेच वाक्य ‘च’ न लावता म्हणून दाखवायला सांगितले. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ‘च’ परत आला. चौथ्या वेळी ते स्वतःच हसले. हे काम कोणत्याही मसुद्यात येणार नाही, परंतु मूळ मराठी वाक्य तरी मसुद्यात राहिले पाहिजे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मूळ भाषेतील उद्धरण ठेवा’ असा पर्याय आहे का, ते पाहा. माझ्याकडे तो दुसऱ्या पानावर, बराच खाली सापडला.


बीकेसी_दुपार (रविवार, सकाळी १०.०५)

मी समुपदेशक नाही, कोच आहे. (मुंबईत हे सांगितले की पहिला प्रश्न ‘कुठल्या विषयाचे क्लास घेता?’ असा येतो, तेव्हा स्पष्ट करतो की कंपन्यांतील व्यवस्थापकांबरोबर काम करतो.) माझ्यासाठी रकाना सोपा वाटावा, कारण बहुतेक वेळा ग्रोच असते: ध्येय, वास्तव, पर्याय आणि निर्धार. १९९२ मध्ये जॉन व्हिटमोर यांच्या पुस्तकाने ती सर्वदूर नेली, आणि तिचा क्रम इतका सरळ आहे की सॉफ्टवेअर ती उत्तम भरते. माझी अडचण त्या उत्तमपणातच आहे.

चौथ्या पायरीवर क्लायंट म्हणतो, “बघतो.” सॉफ्टवेअर लिहिते: ‘कृती ठरली, जबाबदारी स्वीकारली.’ मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘बघतो’ म्हणजे काय, हे सांगायला हवे का? भाड्याची खोली पाहून निघताना, मुलीचे स्थळ ऐकून घेतल्यावर, वर्गणी मागायला आलेल्या मंडळाला आपण हेच सांगतो. “करायला हवं ते कळतं हो, पण...” या वाक्यातला ‘पण’ तर मसुद्यात कधीच येत नाही. अशा क्लायंटसाठी मी हल्ली पहिली दोन सत्रे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा साचा लावतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येवरच्या कामातून ती मांडली, पण द्विधा मनःस्थिती ऐकण्यासाठी तिच्याइतका उपयोगी साचा मला यादीत दुसरा दिसला नाही, कारण ती बदलाच्या बाजूचे बोलणे आणि आहे तेच चालू ठेवण्याच्या बाजूचे बोलणे वेगवेगळे टिपते. तिथे ‘बघतो’ योग्य बाजूला जाऊन पडतो. ती मी रीतसर शिकलेलो आहे, हे ठाणे_फास्ट यांच्या समाधानासाठी नमूद करतो.

एक गोष्ट मात्र मी रकान्यावर सोडत नाही. कोचिंगच्या फाइलमध्ये झोप उडाल्याचे, रडू आवरत नसल्याचे किंवा सावलीताईंनी लिहिले तसे वाक्य आले, तर साचा बदलून उपयोग नाही, माणूस बदलावा लागतो. मी तिथे थांबतो आणि क्लायंटला योग्य व्यक्तीकडे पाठवतो. माझ्या फाइलला ‘सीबीटी’ असे नाव दिल्याने मी उपचारक होत नाही.


ओपीडी_खिडकी (रविवार, दुपारी १.३०)

सर्वांचे वाचले. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करते आणि मला थोडा विरोध नोंदवायचा आहे.

‘आधी ऐकू या, मग पद्धत ठरवू’ हे ऐकायला छान वाटते, परंतु त्याचा शेवट बहुतेकदा ‘थोडे हे, थोडे ते’ असा होतो. आमच्याकडे एका रुग्णाला मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो आणि तोच रुग्ण पुढच्या वेळी माझ्या सहकाऱ्याकडे जाऊ शकतो. फाइलवर स्पष्ट पद्धत लिहिलेली नसेल तर दुसरा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि रुग्णाला आपली कथा तिसऱ्यांदा सांगावी लागते. चौकट ही समुपदेशकाला लावलेली शिस्तही असते. ती नसली की आपण क्लायंटच्या आवडीच्या विषयावर तासभर गप्पा मारतो आणि त्याला उपचार म्हणतो. मी हे स्वतः केलेले आहे.

सावली, तुझ्या प्रसंगात दोष सीबीटीचा नव्हता, एवढे तरी मान्य कर. सीबीटीचे जनक ॲरन बेक यांचे सगळे मूळ काम नैराश्यावरचे आहे आणि निराशेची भावना व आत्महत्येचा धोका हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. नीट सीबीटी करणारा माणूस ते वाक्य कधीच सोडणार नाही. तुझ्या सॉफ्टवेअरने सीबीटीच्या नावाखाली फक्त वेळापत्रकाचा कागद ठेवला आहे. म्हणून पद्धत निवडताना नाव पाहू नये, त्या नावामागे सॉफ्टवेअरने प्रत्यक्ष कोणते रकाने ठेवले आहेत ते उघडून पाहावे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यात जोडलेली आहे का? तिचा नववा प्रश्न नेमका हाच आहे, मरून गेलेले बरे असे वाटते का किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. एकूण गुण २७ पैकी कितीही कमी असोत, नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्याहून अधिक असेल तर ते वेगळे पाहायचे असते.


सावली_दादर (रविवार, दुपारी ३.१०)

मॅडम, मान्य. नाव आणि त्यामागचे रकाने यांत मी गफलत केली. प्रश्नावली जोडलेली आहे, पण ती ‘ऐच्छिक’ या टॅबमध्ये आहे आणि मी तो टॅब कधी उघडला नव्हता. आज उघडला.

तरी एक मुद्दा सोडवत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच म्हटले होते की वेगवेगळ्या पद्धतींना मिळणाऱ्या यशामागे त्यांच्यातल्या समान गोष्टी असाव्यात, आणि एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये त्या समान गोष्टीची तीन अंगे मांडली: कशासाठी काम करायचे यावर एकमत, कोणते काम करायचे यावर एकमत आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. यातली पहिली दोन अंगे क्लायंटशिवाय ठरूच शकत नाहीत. मग क्लायंट खोलीत यायच्या आधी रकाना भरून घेणारे सॉफ्टवेअर आपल्याला नेमके उलट्या क्रमाने चालवते, असे नाही का होत?


कोडवाला_चेंबूर (रविवार, सायंकाळी ६.२५)

मी असे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बाजूचा माणूस आहे. (सावलीताईंचे सॉफ्टवेअर आमचे नाही, असे वर्णनावरून वाटते; असल्यास आधीच क्षमा मागतो.) आत काय घडते, ते सांगतो.

पद्धत निवडली की तीन गोष्टी बदलतात. भाषेच्या मॉडेलला (मसुदा लिहिणाऱ्या एआयला) दिली जाणारी सूचना बदलते, म्हणजे ‘या संभाषणातून स्वयंचलित विचार (मनात आपोआप येणारे विचार) शोध’ किंवा ‘ध्येय शोध’ असे त्याला सांगितले जाते. नोंदीचा साचा बदलतो. आणि सुचवल्या जाणाऱ्या प्रश्नांचा संच बदलतो. शोध म्हटले की मॉडेल शोधून काढते, नसले तरी काढते. ही त्याची खोड आहे. रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा जवळपासचे काहीतरी भरणे त्याला सोपे जाते. ‘डोळा उघडलाच नाही तर बरं’ हे वाक्य झोपेखाली गेले, ते बहुधा असेच.

आमच्याकडेही सुरुवातीला हा रकाना सक्तीचा होता. कारण ऐकून राग येईल: महिन्याच्या अहवालात ‘पद्धतीनुसार सत्रे’ असा एक गोल आलेख होता आणि रिकामे रकाने असले की तो विचित्र दिसायचा. नंतर आम्ही ‘अद्याप ठरलेले नाही’ हा पर्याय दिला. तो निवडला की फक्त साधी नोंद तयार होते: क्लायंट काय म्हणाला, समुपदेशकाला काय दिसले, पुढे काय ठरले. धोक्याची सूचना देणारा भाग आम्ही पद्धतीपासून पूर्ण तोडला, म्हणजे कोणताही साचा असो, तो भाग मूळ मराठी शब्दांवरच चालतो. तोही चुकतो. त्याच्यावर विसंबू नका, एवढे मी स्वतः बनवलेल्या गोष्टीविषयी सांगू शकतो.

भाषांतराच्या गमतीही कमी नाहीत. सोल्यूशन-फोकस्ड पद्धतीत ‘शून्य ते दहापैकी आज किती बरे वाटते?’ असा मोजपट्टीचा प्रश्न असतो. लालबागचे एक आजोबा म्हणाले, “रुपयात बारा आणे.” सॉफ्टवेअरने १२ लिहिले, दहाच्या वर आकडा गेला म्हणून चूक दाखवली आणि पान अडकले. खरे म्हणजे त्यांनी साडेसात इतके नेमके उत्तर दिले होते.

तुम्ही विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे जरूर विचारा: पद्धत बदलल्यावर जुन्या नोंदी आपोआप पुन्हा लिहिल्या जातात का? जात असतील तर घेऊ नका. जुनी नोंद तशीच राहिली पाहिजे आणि बदलाची तारीख व कारण तिच्याखाली आले पाहिजे.


वाचनमात्र_अंधेरी (रविवार, रात्री ८.५०)

मी या व्यवसायातली नाही, क्लायंट आहे. आठ महिन्यांपासून समुपदेशन घेते आहे. इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

तुम्ही सगळे हा रकाना आपापसात ठरवत आहात. माझ्या फाइलवर काय लिहिले आहे, हे मला पाचव्या महिन्यात समजले आणि तेही पडदा माझ्याकडे वळला म्हणून. ‘एसीटी’ असे लिहिले होते. घरी जाऊन मी त्याविषयी वाचले आणि मला इतके दिवस न कळलेली एक गोष्ट कळली, की माझ्या समुपदेशक माझे विचार खोडून का काढत नाहीत, त्यांच्यासोबत राहायला का सांगतात. तोपर्यंत मला वाटायचे की त्यांना माझा मुद्दा खोडता येत नाही! पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले असते तर मी कमी चिडले असते.

दुसरे, संमतीपत्र. मी सही केलेला कागद इंग्रजीत चार पानी होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि त्यांत मराठी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातले गोपनीयतेचे कलम डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू होते. माझा आवाज कुठे साठवला जातो, किती दिवस राहतो आणि मॉडेल शिकवायला वापरला जातो का, हे मला मराठीत कोणी सांगितले नव्हते.


शाळेची_घंटा (रविवार, रात्री ९.३०)

शाळेत काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात जोड: वर आलेल्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मूल असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मूल पालकांविषयीच बोलायला आलेले असेल, तेव्हा या अटीचे काय करायचे, यावर आम्ही अजून अडकलेलो आहोत. तोपर्यंत आमच्या शाळेत ध्वनिमुद्रण बंद आहे आणि मी वहीतच लिहिते.


ठाणे_फास्ट (रविवार, रात्री १०.२०)

वाचनमात्र, पडदा वळवण्याची गोष्ट मनाला लागली. मी क्लायंटला एबीसी शिकवतो, कारण ते पद्धतीचाच भाग आहे. पण फाइलवर त्याचे नाव काय पडले आहे, हे मीही दाखवत नाही. या आठवड्यापासून दाखवेन.

सावलीताई, बोर्डिन यांच्याविषयीच्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, मी काय करू शकतो हे आधी ठरलेले असते आणि या माणसासाठी ते योग्य आहे का हे नंतर ठरते. योग्य नसेल तर दुसऱ्याकडे पाठवायचे. रकाना या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबतो.


सावली_दादर (मंगळवार, रात्री १०.४५)

दोन दिवसांत एवढे केले, ते नोंदवून ठेवते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अद्याप ठरलेले नाही’ हा पर्याय नाही. विक्रेत्याला पत्र लिहिले. उत्तर आले की सूचना संबंधित चमूकडे पाठवली आहे, म्हणजे ‘बघतो’. तोवर यादीत ‘इतर’ नावाचा एक पर्याय आहे, तो निवडला की साधी नोंद येते आणि शेजारी एक मोकळी ओळ मिळते. त्या ओळीत मी ‘दुसऱ्या सत्राअखेर क्लायंटशी बोलून ठरवणार’ असे तारखेसह लिहिते. ओपीडी मॅडमच्या धाकाने मी मुदत दोनच सत्रांची ठेवली आहे. पीएचक्यू-९ आता पहिल्याच भेटीत, मराठीत, कागदावर भरून घेते. नवव्या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरने दाखवण्याची वाट पाहायची नाही म्हणून. मूळ भाषेतील उद्धरणाचा पर्यायही सापडला. तो चालू केल्यावर मसुदा दुप्पट लांब येतो आणि वाचायला वेळ लागतो, पण ‘च’ दिसतो.

जुन्या अकरा फाइली मी एकेक करून पाहिल्या. सात ठिकाणी सीबीटी योग्य होती, दोन ठिकाणी मी प्रत्यक्षात व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करत होते आणि उगाच विचारांचे तक्ते भरत होते. उरलेल्या दोन अजून ठरत नाहीत.

बदलापूरच्या बाई आज आल्या होत्या. तज्ज्ञांनी औषध सुरू केले आहे. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि ‘इतर’ म्हणजे काय ते सांगून, आपण दोघी मिळून काय करतो आहोत असे तुम्हाला वाटते, ते या ओळीत लिहू या, असे म्हटले. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “लिहा, सकाळचं बघतोय.” तेच लिहिले आहे.